नर्मदेला नाही कसं म्हणायचं

११ जानेवारी २०२५, शनिवार

…मग मी मोटार बंद केली, कारण टाकी भरून पाणी पत्र्यावर पडायला लागलं होतं आणि हे गच्चीवरून ओरडत होते, "बस, बस, भरली!" तोवर मी खाली पिंप, हंडा आणि दोन बादल्या भरून घेतल्या होत्या. एका शेगडीवर डाळ, दुसरीवर तवा. ह्यांच्या डब्यात दोडक्याची भाजी, चार पोळ्या आणि लिंबाच्या लोणच्याची फोड घातली. हे ओल्या पायांनी खाली आले, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर ठसे उमटले, मी काहीतरी बोलले, हे हसले, सायकल काढली आणि विद्युत मंडळाच्या ऑफिसात गेले. मी फरशी पुन्हा पुसली.

एवढंच. त्या सकाळी दुसरं काही घडलं नाही. वर्षही सांगता येणार नाही. आज नळ आला, पिंप भरताना ती सकाळ अख्खी आठवली, म्हणून लिहून ठेवली. येत्या मे महिन्यात ह्यांना जाऊन चार वर्षं होतील.

संध्याकाळी वरच्या खोलीतली ऋजुता खाली आली. ती साताऱ्याची. इथल्या एका खासगी कॉलेजात पर्यटन शिकवते आणि पीएच.डी. करते. नोकरी कंत्राटी. प्रबंध मार्चअखेर दिला नाही तर पुढच्या वर्षी ठेवणार नाहीत, असं तिला स्पष्ट सांगितलंय. इंदूरला येऊन तिला दीड वर्ष झालं. नळाच्या पाण्याला आम्ही नर्मदा म्हणतो हे कळायलाच तिला दोन महिने लागले होते.

तिच्या हातात एक खोका होता. त्यात डोळ्यांवर बांधायचं यंत्र. ते बांधलं की चारी बाजूंना नर्मदेकाठचं महेश्वर दिसतं म्हणे. घाट, किल्ला, नाव, पाणी. मान वळवाल तिकडे दिसतं. नऊ मिनिटं. तिचा प्रश्न असा की वयस्कर माणसांनी एखादी जागा अशी घरबसल्या पाहिली, तर तिथे खरोखर जायची त्यांची इच्छा वाढते की घटते. पाहण्याआधी एक ते सातातला एक आकडा सांगायचा, पाहिल्यावर पुन्हा एक. एक म्हणजे मुळीच नाही, सात म्हणजे फार. साठीच्या वरच्या साठ बायका हव्यात.

"माझ्याशी त्या मोकळं बोलत नाहीत, काकू. मॅडम-मॅडम करतात. तुम्ही विचारा, तुम्हीच खूण करा. तुम्हाला सगळं रामबाग ओळखतं."

मी विचारलं, पुस्तकं काय म्हणतात? ती म्हणाली, तिने वाचलेल्या बहुतेक अभ्यासांत इच्छा वाढते. पण ते सगळे तरुण माणसांवरचे.

"आधी तुम्ही बघा ना," म्हणाली.

मी म्हटलं, माझ्या चष्म्यावर ते बसणार नाही. ती म्हणाली, चष्म्यावरूनच बसतं. मी म्हटलं, पोळ्या राहिल्यात.

काम करायला हो म्हटलंय. दुपारी रिकाम्या जातात. वाचनालयातून पुस्तकं आणते, पण पूर्वीसारखी संपत नाहीत. एकच पान दोनदा वाचते.

१६ जानेवारी, गुरुवार

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू. बायका एकत्र सापडायला याहून चांगले दिवस नाहीत, हे मीच ऋजुताला सांगितलं. सांगून बसले आणि मग लक्षात आलं की मला त्या घरांत जावं लागेल. हे गेल्यापासून मी एकाही हळदीकुंकवाला गेले नाही. बोलावतात सगळे, हल्ली कोणी मानत नाही. मलाच नको वाटतं. दारात उभं राहिलं की समोरचीचा हात करंड्याकडे जातो आणि मधेच थांबतो. तो थांबलेला हात बघवत नाही.

आज मात्र यंत्र घेऊन गेले, तर कोणाचा हात थांबला नाही. सगळ्या खोक्याकडेच बघत होत्या.

पहिलं घर लोकमान्य नगरातलं, स्मिता शितोळेचं. स्मिता चाळिशीची, शाळेत शिकवते, तोंडाने फटकळ. "या काकू, या! तिळगूळ पहले की मशीन पहले?" दहा-बाराजणी होत्या, त्यांतल्या सात साठीच्या वरच्या.

काय तमाशा झाला! पट्टा एकीच्या अंबाड्यात अडकला. एकीने नावेत पाय ठेवताना साडी घोट्याच्या वर धरली. शर्माजींच्या आईने ब्लाउजमधून रुपया काढून नदीत टाकला, तो सोफ्याखाली गेला. स्मिता हसून हसून भिंतीला टेकली. "आंटीजी, हे घोड्याची झापडं बांधून तुम्ही माझ्या घरात नर्मदा आणली, आता पोछा कोण मारणार?"

शेवटी आतल्या खोलीत स्मिताच्या सासूबाई, लक्ष्मीबाई. त्र्याऐंशी वर्षांच्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंग आणि खुर्ची एवढंच. आधीचा आकडा विचारला तर ताडकन म्हणाल्या, "सात. लग्न होऊन आले तेव्हापासून सात."

नऊ मिनिटं हलल्या नाहीत. यंत्र काढलं तर डोळे मिटलेलेच. हात जोडलेले. म्हणाल्या, "झालं बाई माझं दर्शन."

मी विचारलं, आता जायची इच्छा किती?

"आता कशाला? झालं ना."

"एक ते सातात सांगा."

"एक लिही. दोन लिही. काय ते लिही."

मी बराच वेळ पेन धरून बसले. लग्न झाल्यापासूनची, साठ वर्षांची इच्छा, ती नऊ मिनिटांत एक कशी होईल? दमल्या असतील. मी सातवर खूण केली.

१९ जानेवारी, रविवार

तीन घरं झाली. आता मला ह्या उत्तरांची सवय झाली आहे. पाहण्याआधी विचारलं की सहा, सात. पाहून झालं की, "छान दाखवलंस हो." "अब देख लिया, अब क्या जाना." "गुडघे कुठे राहिलेत." आणि सगळ्यांत जास्त वेळा, "मैया बुलाएगी तब जाएँगे."

ह्याला कुठला आकडा द्यायचा?

आमच्याकडे नर्मदेला नाही म्हणत नाहीत. माळव्यात सोडा, इथल्या मराठी घरांतही नाही. कोणी चला म्हटलं तर मैयावर सोपवतात. हेसुद्धा तीस वर्षं तेच म्हणत आले. मी म्हणायची, चला ना एकदा महेश्वरला, नव्वद किलोमीटर तर आहे, सकाळी निघून संध्याकाळी परत येऊ. हे म्हणायचे, मैया बोलावील तेव्हा जाऊ. कधी ड्यूटी, कधी ऊन, कधी माझी आजारी सासू. शेवटी हे गेले, मी नाही.

म्हणून मी ठरवलं आहे. मैयाचं नाव घेतलं की सात. "आता काय जायचं" म्हणणारीला सहा, कारण ती वरवरचं बोलते. नर्मदेला नाही म्हणायची कोणाचीच इच्छा नसते, थकलेल्या तोंडातून निघून जातं. तो शब्द कागदावर कायमचा कशाला ठेवायचा?

हे बरोबर आहे का, कोणाला विचारावं कळत नाही. ऋजुताला विचारावं तर ती कामात असते.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज सुदामा नगरात एक बाई म्हणाल्या, "अगं, नर्मदा रोजाआड माझ्या घरी नळाने येते, मी कशाला तिच्याकडे जाऊ?" सगळ्या हसल्या. मीही हसले. सहा लिहिले.

पाय दुखतात. ई-रिक्षात खोका मांडीवर घेऊन बसावं लागतं. घरी आले तर ऋजुताने माझ्यासाठी पोहे करून ठेवले होते. साताऱ्याचे पोहे, बडीशेप नाही, वर शेव नाही. खाल्ले.

"काकू, कशा आहेत आकडे?" म्हणाली.

"चांगले आहेत."

"चांगले-वाईट नसतं हो. खरे असले की झालं."

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज रथसप्तमी आणि नर्मदा जयंतीही. हळदीकुंकू संपलं आणि माझं कामही संपलं. एकूण चौसष्ट फॉर्म. दुपारी ऋजुताने सगळे आकडे संगणकात भरले आणि जिन्यावरून धावत खाली आली.

"आधी सहा पूर्णांक एक, नंतर सहा पूर्णांक सहा! वाढली, काकू! ह्या वयातसुद्धा वाढते!" तिने मला मिठी मारली. मग जरा थबकली. "एकीनेही चारच्या खाली नाही दिलं. संक्रांतीच्या दिवसांत सगळ्या गोडच बोलल्या वाटतं."

मी म्हटलं, कडू कोण बोलणार.

तिच्या गाइड सरांचा फोन आला. तेही खूश. ती फोनवर बोलताना खोलीभर फिरत होती. इतक्या महिन्यांत तिला असं पाहिलं नव्हतं. आल्यापासून ही मुलगी कायम रात्रभर जागल्यासारखी दिसते. बरं वाटलं मला.

संध्याकाळी बरं वाटेनासं झालं. कारण सांगता येत नाही. तिळाचं खाणं जास्त झालं असेल.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ऋजुताने नवीन काढलंय. गाइड सर म्हणाले, इच्छा वाढली हे तोंडी झालं. खरोखर जातात का ते बघा. कॉलेज एका दिवसासाठी बस द्यायला तयार झालं. ज्या बायकांनी दोन्ही वेळा सहा किंवा सात दिले त्यांना रविवारी, २ मार्चला, महेश्वरला फुकट नेऊन आणायचं. चढायला-उतरायला मदत, खुर्ची, सगळं. अशा बायका सत्तेचाळीस निघाल्या. बस चाळिसाची.

"काही जणींना नाही म्हणावं लागेल, काकू. वाईट वाटतंय."

मी म्हटलं, आधी विचारून तर बघ.

विचारलं. फोन मीच केले. तेहतीसजणी हो म्हणाल्या. कशा हो म्हणाल्या ते मला ऐकू येत होतं. "हाव हाव, येऊ की." "बघू या." "मैया ने चाहा तो." मी यादीत तेहतीस नावांपुढे हो लिहिलं.

ऋजुता म्हणाली, "आणि चौतिसाव्या तुम्ही. तुमच्याशिवाय त्यांना सांभाळणार कोण?"

रात्रीच्या स्वयंपाकाआधी यतीनचा फोन आला. यतीन म्हणजे ह्यांच्या बहिणीचा मुलगा. आम्हाला मूल नाही. कोविडात हे गेले तेव्हा मी घरात बंद होते, पॉझिटिव्ह. दवाखान्यातून परस्पर सगळं झालं आणि अस्थी यतीनने महेश्वरला नेऊन सोडल्या. मी नेहमी म्हणायची ना महेश्वर महेश्वर, म्हणून त्याने तिथेच नेल्या.

मी त्याला बसबद्दल सांगितलं. त्याने दिवस कोणता ते विचारलं. मग म्हणाला, "मामी, बसने कशाला? मी सुट्टी काढतो. ती जागा मला माहिती आहे. नाववाल्याचं नावसुद्धा लक्षात आहे."

मी म्हटलं, कामावर जाते आहे, फिरायला नाही.

२ मार्च, रविवार

सकाळी सात वाजता लालबागच्या गेटसमोर बस. ऋजुता साडी नेसून आली होती. पाण्याच्या बाटल्या, औषधांचा डबा, दोन घडीच्या खुर्च्या.

साडेसातपर्यंत चारजणी आल्या.

शर्माजींच्या आई, त्यांची बहीण, आणि सुदामा नगरच्या दोघी, ज्या वाटेत मानपूरला भजी खायला मिळतील का हेच विचारत होत्या. आठ वाजले तरी चारच. ड्रायव्हर म्हणाला, "मैडम, चार सवारी में तो ऑटो कर लेते भिया लोग. इत्ती बड़ी बस काय को मँगाई?"

ऋजुता मला म्हणाली, "फोन करा ना, काकू. ट्रॅफिकमध्ये असतील."

रविवारी सकाळी आठला कसला ट्रॅफिक. तरी केले फोन. गुडघा. नातवाची परीक्षा. सूनबाईचा भाऊ आलाय. एकीने सरळ सांगितलं, "अगं, बघितलं ना एकदा? तूच तर दाखवलंस. सारखं सारखं काय." लक्ष्मीबाईंकडे स्मिताने उचलला. म्हणाली, "काकू, मी तर रात्रीच बैग भरली होती. ह्याच म्हणतात, नको."

सव्वाआठला ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. मी दारातल्या सीटवर बसले होते. समोरची काच मोठी, स्वच्छ. मी ऋजुताला म्हटलं, लोकमान्य नगर जवळच आहे, मी स्मिताकडे जाऊन लक्ष्मीबाईंना समजावते, तू थांबू नकोस, तुला परत यायला उशीर होईल. उतरले. तिने काही म्हणायच्या आत मी रस्ता ओलांडला होता.

लोकमान्य नगरला गेले नाही. चालत घरी आले, चादरी धुवायला काढल्या.

३ मार्च, सोमवार

ऋजुता काल संध्याकाळी आली, सरळ वर गेली. आज सकाळी जिन्यात भेटली.

"तुम्ही येणार होतात ना, काकू?"

"गुडघा," मी म्हटलं.

तिने माझ्या पायांकडे बघितलं. मग म्हणाली, "तुम्हालापण?"

७ मार्च, शुक्रवार

ऋजुताने नवीन प्रकरण लिहिलं आहे. इंग्रजीत. तिने मला वाचायला दिलं, मी कोश जवळ घेऊन दोन दुपारी बसले. मी दहावीपर्यंत शिकले, बाकीचं इंग्रजी असंच कोश उघडून उघडून. हळू वाचते, पण सोडत नाही.

त्यात लिहिलंय की वयस्कर स्त्रियांची जायची इच्छा फार आहे, यंत्राने ती आणखी वाढते, पण घरचे त्यांना जाऊ देत नाहीत. मुलगे आणि सुना. तिने घरोघरी फोन करून विचारलं आहे. 'कौटुंबिक विरोध' असा एक तक्ता आहे. त्यात 'कुटुंब क्रमांक ३' म्हणून शितोळ्यांचं घर आहे. सासू, इच्छा सात. सून, नोकरी करणारी, अनुत्सुक.

ती ओळ मी कोश उघडून पुन्हा वाचली.

दुपारी स्मिता दारात. आत यायला तयार नाही. चपला घालूनच उभी.

"काकू, तुमच्या मैडमनी मला फोन करून विचारलं, सासूबाईंची एवढी इच्छा असून तुम्ही का नाही पाठवलं? मी? बारा वर्षं मी त्यांना उचलून आंघोळीला नेते. मी अडवते?"

"ती तसं म्हणाली नसेल, स्मिता."

"म्हणाली. आणि लिहून घेत होती, टक-टक ऐकू येत होतं. आता हे कुठे छापून येणार? शाळेत मी काय तोंड दाखवू?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि त्यांना सात कोणी दिले हो? मी दारात उभी होते. त्या तर एक म्हणाल्या होत्या."

मी काय बोलले ते इथे लिहावं लागेल, कारण खोटं बोलले. म्हटलं, "मशीनमध्ये काहीतरी गडबड झाली असेल."

ती गेली. मी बराच वेळ दार उघडंच ठेवून बसले.

८ मार्च, शनिवार

सबंध दिवस विचार केला. मी सांगितलं तर ऋजुताचे चौसष्टच्या चौसष्ट फॉर्म गेले. सगळे माझ्याच हातचे. ३१ मार्चला तिला प्रबंध द्यायचा आहे. नाही सांगितलं तर तिची नोकरी वाचते, आणि स्मितासारख्या तीस-चाळीस बायका कागदावर वाईट सुना होऊन राहतात. कोणी ते वाचणार नाही, असंही वाटलं. मग वाटलं, मी वाचते ना. माझ्यासारखी कुणी तरी वाचेल.

मी हे का केलं? मैयाचा मान ठेवला, असं इतके दिवस म्हणत आले. आज स्वतःला विचारलं तर तेवढं पुरेसं वाटेना. लक्ष्मीबाई 'झालं माझं' म्हणाल्या तेव्हा मला राग आला होता. कशाचा, ते कळत नाही. एवढं सोपं असतं का, असं काहीतरी.

९ मार्च, रविवार

दुपारी जेवणं झाल्यावर वर गेले. ऋजुता लॅपटॉपसमोर. मी उभ्यानेच सांगितलं. कोणी काय म्हटलं, मी काय लिहिलं. मैयाचं नाव म्हणजे सात, 'आता कशाला' म्हणजे सहा.

तिने पहिल्यांदा लॅपटॉप बंद केला. मग पुन्हा उघडला.

"किती फॉर्म?"

"नंतरचे आकडे जवळजवळ सगळे. आधीचे खरे आहेत."

"काकू, तुम्ही एवढं वाचता. तुम्हाला कळत नव्हतं?"

"कळत होतं."

"मग?"

मी म्हटलं, "नर्मदेला नाही म्हणत नाहीत आमच्याकडे."

"अहो, मग तेच लिहायचं ना! 'नाही म्हणता येत नाही म्हणून मैयावर ढकललं', हे लिहायचं! तेच तर मला हवं होतं!" आता तिचा आवाज चढला. "मी त्या स्मितामॅडमना काय काय विचारलं, माहिती आहे? माझे बावीस दिवस उरलेत. बावीस."

ओरडली, मग रडली, मग नाक पुसून कागद पुढे ओढला. मी तिथेच उभी. बस म्हणाली नाही, मीही बसले नाही.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्या लक्ष्मीबाई नक्की काय म्हणाल्या होत्या? त्यांचे शब्द सांगा."

"झालं बाई माझं दर्शन."

"आणि मग एक?"

"एक लिही, दोन लिही, काय ते लिही."

ती खुर्चीत मागे टेकली. "म्हणजे त्या जाऊन आल्या, काकू. त्यांच्या लेखी त्या जाऊन आल्या. इच्छा गेली म्हणून एक नाही. आणि माझ्या फॉर्मवर ह्याला चौकटच नाही." डोळे चोळले. "चूक माझीही आहे. मी साताऱ्याहून येऊन प्रश्न केले इंग्रजीत, आणि भाषांतर केलं रात्री बसून."

मग तिने अचानक विचारलं, "तुम्ही बसमधून का उतरलात? गुडघा सांगू नका."

मी सांगितलं. ह्यांच्या अस्थी तिथे सोडल्या, मी नव्हते. यतीनने लाल कापडात बांधून मांडीवर नेल्या. तीस वर्षं मी ज्या जागी चला म्हणत होते तिथे हे माझ्याशिवाय गेले. आता मी गेले तर काय बघू? पाणीच दिसणार. आणि न जावं तर मैयाला नाही म्हटल्यासारखं होतं, ह्यांनाही.

हे सगळं मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. यतीनलाही नाही. बोलताना आवाज नेहमीसारखाच होता, ह्याचं मलाच नवल वाटलं.

ऋजुता म्हणाली, "मग मला पहिल्याच दिवशी सांगायचं होतं. मी मांडूचा व्हिडिओ लावला असता. तोही होता माझ्याकडे."

मला हसू आलं. तिलाही थोडं आलं, पण तिने ते आवरलं. अजून रागावली आहे, आणि ते बरोबर आहे.

तिने एक कोरा फॉर्म काढला, वर माझं नाव लिहिलं. वय बासष्ट. "तुम्ही बसता माझ्या नमुन्यात. यंत्र नको असेल तर नको. फक्त पहिला प्रश्न. महेश्वरला जायची इच्छा किती?"

"नको आता," मी म्हटलं.

"आकडा."

मी मैयाचं नाव घेणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. तिने पेन वर धरून ठेवलं होतं, खाली टेकवत नव्हती.

"एक," मी म्हटलं.

तिने एकवर खूण केली. काही झालं नाही. खालच्या गल्लीत भंगारवाला ओरडत गेला.

"बावीस दिवसांत चौसष्ट घरं होतील?" तिने विचारलं.

"होतील. पण स्मिताकडे आधी तू फोन कर. माफी माग. मी माझी वेगळी मागते."

११ मार्च, मंगळवार

काल, सोमवारी, सकाळी साडेनऊला लोकमान्य नगरला गेले. स्मिता शाळेला निघत होती. तिला दारातच सांगितलं की मशीनची गडबड नव्हती, माझी होती. ती म्हणाली, "मला मालूम होतं. आता आत जा, चहा थर्मासमध्ये आहे." स्कूटर सुरू केली आणि गेली.

लक्ष्मीबाई खिडकीशी खुर्चीत होत्या. त्यांनाही सांगितलं की मागच्या वेळी मी तुमचं उत्तर बदललं.

"दिसलं होतं मला," त्या म्हणाल्या. "एक डावीकडे होता. तुझं पेन पार उजवीकडे गेलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू उन्हातून आली होतीस. पाहुणीला काय बोलायचं?"

मी त्यांना चहा ओतून दिला, फॉर्म काढला, त्यावर त्याच दिवसाची तारीख घातली आणि प्रश्न पुन्हा वाचला. खाली ऋजुताने आता एक रिकामी ओळ ठेवली आहे, बाई जे बोलेल ते तसंच लिहायला. लक्ष्मीबाईंनी आकडा सांगितला, दोन. मी दोनवर खूण केली, त्या बोलल्या ते सगळं ओळीत लिहिलं, मावलं नाही ते पाठीमागे लिहिलं, आणि वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. मग मी पुढच्या घरी गेले.